आईची खोली

वीरधवल सांगलीहून आला तो दोन पिशव्या घेऊन. एकीत वांगी होती, ती त्यानं दारातच आईच्या हातात दिली. दुसरीत एक मऊ ब्रश, एक पेन ड्राइव्ह आणि गेले तीन रविवार आबांना फोनवर दिलेला शब्द होता, की ह्या खेपेला कॉम्प्युटर एकदाचा लायनीवर आणून देतो. वांगी ताजी होती. शब्दाला जरा वास यायला लागला होता.

कॉम्प्युटरला काय झालंय यावर साताऱ्याच्या त्या घरात एकमत नव्हतं, आणि एकमत कशावरच नसल्यामुळं त्याचं कुणाला विशेष वाटतही नव्हतं. थोरला भाऊ कृष्णात म्हणायचा, मशीन जुनं झालं. त्याची मुलगी शिवांजली म्हणायची, पप्पा व्हिडिओ बघतात आणि बंद करत नाहीत. आई चंद्राबाईंच्या मते त्याच्यावरचं भरतकामाचं फडकं काढलं तेव्हापासून त्याला दृष्ट लागली होती. आणि आबांचा, म्हणजे सुभेदार नाथाजींचा, निकाल लागलेला होता. पलटणीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. जागा कमी पडली की त्यांचा एकच इलाज, फालतू सामान बाहेर काढा.

‘‘एक मशीन आणि खोल्या पाच,’’ ते म्हणाले. ‘‘दमणारच ते.’’

खोल्या हा शब्द शिवांजलीचा. दोन वर्षांपूर्वी तिनं ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करून दिलं तेव्हा आबांना समजावं म्हणून तिनं तो वापरला होता. उघडलं की पाच गोल दिसायचे, प्रत्येकात एक चित्र आणि खाली नाव. आपल्या गोलात शिरलं की आपली खोली. तिथं हवं ते मांडा, दुसऱ्याला धक्का लागत नाही. आबांच्या खोलीत अक्षरं एवढी मोठी की एका ओळीत चार शब्द मावायचे. कृष्णातच्या खोलीत शिरताक्षणी क्रिकेट ओरडायचं. आबांना हे पटलं नव्हतं, पण आपली अक्षरं मोठी झाल्यामुळं त्यांनी चालवून घेतलं, आणि बदल्यात भिंतीवर एक वेळापत्रक चिकटवलं.

त्या कागदाकडं नीट बघितलं की घर कळायचं. सकाळचे दोन तास आबा. शिफ्ट बघून कृष्णात. संध्याकाळी शिवांजली. चंद्राबाईंच्या नावावर वेळच नव्हता. कुणी लावून दिलं तर त्यांनी सिद्धनाथाची आरती ऐकायची. आणि दुपारी तीन ते चार, सगळं घर आडवं झाल्यावर, थोरली सून दीपमाला. तो तास तिनं मागितला नव्हता. कुणालाच नको होता म्हणून उरला, आणि उरला म्हणून तिचा झाला.

आज त्या तासाला अजून अर्धा तास होता. दीपमाला गच्चीवर धुतलेले गहू पसरत होती. शिवांजली क्लासला गेली होती. कृष्णात रात्रपाळी करून आलेला, दिवाणावर हात डोळ्यांवर घेऊन पडला होता. आबा आणि वीरधवल दोन खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसले.

वीरधवलला माहीत होतं की एखादी खोली काढल्यानं मशीनला काही पळायला येणार नाही. पण तीन महिन्यांतून एकदा घरी येणाऱ्या मुलाला बापाला समजावत बसण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. शिवाय पाचची गाडी गाठायची होती.

‘‘कुणाची काढू?’’ त्यानं विचारलं.

आबांनी बोट पडद्याला लावून हजेरी घेतली. आबा, ही आपली. पप्पा, कमावता माणूस, राहू दे. शिवू, पोरीचा अभ्यास. उरल्या दोन. एका गोलात मांजर होतं, खाली आजी. दुसऱ्यात समई, खाली आई.

मांजरापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांची आई जाऊन ह्या फाल्गुनात दोन वर्षं झाली. दोन्ही मुलं तिला आजी म्हणायची, मुलांचं ऐकून सगळी गल्ली आजी म्हणायची. शेवटच्या महिन्यांत ती ह्याच खुर्चीवर बसून आरती ऐकायची आणि संपली की पडद्याला हात जोडायची.

‘‘ही राहू दे,’’ आबा म्हणाले.

वीरधवलनंही मान हलवली. त्याचीही ती आजीच. मग त्यानं समईवर बाण नेला आणि मान स्वयंपाकघराकडं वळवली.

‘‘आई, तुझी कॉम्प्युटरातली खोली काढून टाकू का?’’

‘‘काढ की,’’ आतून चंद्राबाई म्हणाल्या. त्या भरायच्या वांग्यांना चिरा देत होत्या.

‘‘आतलं समदं जाईल बघ. काय महत्त्वाचं हाय का तुझं?’’

‘‘माझं काय असतंय महत्त्वाचं. टाक पुसून.’’

हे वाक्य चंद्राबाई लग्न झाल्यापासून म्हणत आलेल्या. एसटीतल्या खिडकीच्या जागेबद्दल, शेवटच्या पोळीबद्दल, दुखऱ्या दाढेबद्दल. आजवर त्याचा खर्च त्यांच्या एकट्यावर पडत आला होता. पडद्यावर एक चौकट उमटली: इतिहास, खुणा, पासवर्ड, सगळं कायमचं जाईल. वीरधवलनं होय वर टिचकी मारली. समई विझली.

दिवाणावर कृष्णातनं कूस बदलली.

*

दीपमाला तीनला पाच कमी असताना खाली आली. हात पुसले, पदर खोचला, आणि सासऱ्यांनी खुर्ची सोडायची वाट बघत उभी राहिली. पंधरा वर्षांपेक्षा जास्त ती ह्या घरात अशी कशाची ना कशाची वाट बघत उभी राहिलेली होती; त्यामुळं आज तिला घाई आहे हे कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

आबा उठले. ती बसली. चार गोल होते.

‘‘भाऊजी, एक कमी झालाय.’’

‘‘आईचा काढला, वहिनी. आबा म्हणाले, मशीन दमतंय.’’

‘‘आत्याचा हाय की. हे मांजर.’’ ती अजून शांतच होती. ‘‘माझा कुठं गेला?’’

‘‘तुमचा कुठला?’’

‘‘आई.’’

आबांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. ‘‘आई ती.’’

‘‘तुमच्या पोरांची, मामा. पण नावं शिवूनं लिवली. शिवूची आई मी.’’

चूक मोठी असली की ती समजायला घर वेळ घेतं. माणसं आधी ती आपल्या बाजूनं तपासून बघतात. दीपमाला सासूला आत्या म्हणत असल्यामुळं आई ह्या नावाला घरात दुसरा मालक आहे हे तिच्या दोन वर्षांत कधी ध्यानातच आलं नव्हतं.

‘‘मग आजी कोण?’’ आबांनी विचारलं.

चंद्राबाई विळी सोडून दारात आल्या होत्या. ‘‘मी. सोळा वरसं झाली मला आजी हून. ह्यास्नी अजून कागद पोचला न्हाई.’’

दीपमालाचा चेहरा बघून वीरधवलनं विचारलं, आत काय होतं. आणि मग तिला सांगावं लागलं. सांगायचं ठरवून नव्हे, सांडल्यासारखं.

तिचे वडील इस्लामपूरला शिक्षक होते. त्यांनी तिला लहानपणी मोडी शिकवली होती. ती लिपी तिनं गेले अकरा महिने तीन ते चारच्या तासात पुन्हा घोटली. पानाला पिवळट रंग लावला होता, अक्षरं मोठी केली होती, जुन्या दस्तांची दोनशे चौदा पानं खुणा करून ठेवली होती, म्हणजे उघडलं की कालच्या ओळीवर बोट. आता एका संस्थेत मोडी कागद वाचायच्या जागा निघाल्या होत्या. अर्ज भरून ठेवला होता, शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. मुदत आज पाचपर्यंत. अर्जाचा पासवर्ड मशीननंच सुचवलेला, इंग्रजी अक्षरांची भेंडोळी, तो त्या खोलीतच ठेवलेला. मेलही तिथंच उघडा असायचा; त्याचाही पासवर्ड तिला पाठ नव्हता. कुणी आपल्या घराच्या कुलपाचा नंबर पाठ करतं का.

वीरधवलनं सगळं उलटंपालटं करून बघितलं. पुसलेलं परत येईना. मेल उघडायचा तर ओटीपी हवा, आणि ओटीपी जाणार शेवटी ६२ असलेल्या नंबरावर.

दीपमाला पडद्याकडं बघत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. शेवटच्या पानावर एक रकाना नऊ दिवस रिकामा होता, तो आता भरावा लागणार नाही, असं वाटून तिला क्षणभर हलकं झालं होतं. मग ते हलकेपण गेलं, आणि अकरा महिन्यांच्या दुपारी तिच्या अंगावर एकदम आल्या.

‘‘बासट्ट माझा जुना नंबर,’’ दिवाणावरून कृष्णात म्हणाला. तो उठून बसला होता. ‘‘बंद केला मी. कंपनीनं नवीन दिला तवाच.’’

‘‘तेव्हा माझ्याकडं फोन नव्हता,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘म्हणून तुमचा टाकला.’’

कृष्णातनं तिच्याकडं बघायचं टाळलं. त्याला झोप लागली नव्हती. वीरधवलनं आईला हाक मारून खोली काढू का म्हणून विचारलं, तेव्हा त्याला कळलं होतं कुठली आई. नऊ दिवसांपूर्वी पाणी प्यायला उठला असताना बायकोच्या खांद्यावरून त्यानं तो अर्ज बघितला होता. पडद्यावर सांगली असं लिहिलेलं वाचलं होतं. आज हे थांबवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्यानं हाताखाली, डोळ्यांसकट झाकून ठेवला. स्वतःला सांगितलं, आईचं चाललंय, मला काय.

आता तोच म्हणाला, ‘‘लावून तर बघ त्या नंबरावर. दुसऱ्या कुणाला दिला आसंल.’’

दिला होता.

*

फोन म्हसवडच्या तात्याबा नावाच्या माणसानं उचलला. मागं शेळ्या ओरडत होत्या. दीपमालानं सगळं नीट, पुस्तकी भाषेत समजावून सांगितलं, आणि तिथंच बिघडलं. तात्याबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बँकेतनं बोलताय व्हय. त्यांच्या लेकीनं त्यांना बजावून ठेवलं होतं: गोड आणि शुद्ध बोलणाऱ्याला ओटीपी सांगायचा नाही, सख्ख्या आईनं मागितला तरी सांगायचा नाही. त्यांनी फोन ठेवला.

वीरधवलनं दोनदा लावला. त्याला शिवी मिळाली. आबांनी सुभेदार नाथाजी बोलतोय म्हणून सुरुवात केली, तर तिकडून उत्तर आलं की मागल्या महिन्यात कर्नल बोलला होता.

साडेतीन वाजून गेले. शिवांजली क्लासहून आली, तिला दारातच सगळं कळलं, आणि तिनं आजोबांकडं असं बघितलं की आबा चष्मा पुसायला लागले. नावं तूच लिहिलीस, असं ते एकदा म्हणून बघणार होते, म्हणाले नाहीत.

‘‘आण हिकडं,’’ चंद्राबाई म्हणाल्या. हाताला वांग्याचा मसाला होता, म्हणून नातीनं फोन त्यांच्या कानाला धरला.

घंटा वाजली. ‘‘कोण बोलतंय?’’ तिकडून वैतागलेला आवाज आला.

‘‘मी आई बोलती,’’ चंद्राबाई सवयीनं म्हणाल्या. दोन्ही मुलांना फोन लावला की त्या अशाच बोलायच्या.

‘‘कुणाची?’’

चंद्राबाई थांबल्या. एवढ्या साध्या प्रश्नाला घरातली बाकीची पाच माणसं गप्प बसलेली बघून त्यांना बहुधा गंमतही वाटली असावी.

‘‘चुकून पुसली गेली न्हवं एक आई, तिची सासू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दादा, मी माणातली हाय. म्हसवडच्या वरल्या अंगाला माझं माहेर. सिद्धनाथाच्या रथाला मी ल्हानपणी बापाच्या खांद्यावर बसून यायची. तुमी आकडा मला सांगू नगा. तुमच्या लेकीला फोन द्या.’’

तात्याबा म्हणाले, लेक शिकायला गेलीय, आता येईलच. मग चंद्राबाईंनी घड्याळाकडं न बघता त्यांच्या शेळ्या किती, पाणी कसं आहे, लेक काय शिकते, हे सगळं विचारलं. दीपमाला घड्याळाकडं बघत होती. वीरधवलची गाडी हुकल्यात जमा होती, हे त्यानं मनातल्या मनात लिहून टाकलं. बारा मिनिटं गेली. मग एक तरणा, सावध आवाज आला.

‘‘पोरी,’’ चंद्राबाई म्हणाल्या, ‘‘तू फारम भरतीस का गं कवा?’’

भरते, ती म्हणाली. चार भरले.

‘‘माझी सूनबी भरतीया. पाचला बंद व्हतंय. फारमच्या चिठ्ठ्या तुमच्या फोनात येत्यात. तुझी तू वाच; बँकेची आसली तर फोन ठिवून दे. माझ्या सुनंचंच नुकसान झालंय आणि ते माझ्या तोंडानं झालंय. एवढंच सांगती.’’

पलीकडं थोडा वेळ नुसत्या शेळ्या होत्या. मग मुलीनं विचारलं, अर्ज कुणाच्या नावाचा.

‘‘दीपमाला,’’ चंद्राबाई म्हणाल्या. सुनेचं नाव त्या घरात एवढ्या मोठ्यानं बहुधा लग्नाच्या मंडपानंतर पहिल्यांदाच घेतलं गेलं.

मुलीनं आकडे सांगितले. एकदा वेळ संपली, तेव्हा तिनंच म्हटलं, परत पाठवा, मी थांबते. मेल उघडला, आणि अर्जाचा नवा पासवर्ड मेलवर आला.

*

नवीन खोली करायला वेळ नव्हता. शिवांजलीनं पाहुण्यांसाठी असते ती खिडकी उघडली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाहुणा’ असं आलं, आणि दीपमाला त्यातून आपल्या अर्जात शिरली. अक्षरं बारीक होती, पान पांढरंफटक होतं. तिला वाकून वाचावं लागत होतं. सगळं भरलेलं जागच्या जागी होतं. चार चाळीस झाले होते.

शेवटचं पान आलं. तो एक रकाना रिकामाच होता.

‘कामाच्या ठिकाणाची पहिली पसंती,’ आबांनी मोठ्यानं वाचलं. ते सगळंच मोठ्यानं वाचायचे. ‘‘सातारा. सांगली.’’ मग जरा हायसं वाटून म्हणाले, ‘‘सातारा हाय की.’’

दीपमालानं त्यांना सांगितलं, न वळता, की साताऱ्यात नुसत्या याद्या टाइप करायच्या आहेत. कागद सांगलीत आहेत. वाचायचं काम सांगलीत.

‘‘रोज जाऊन-येऊन न्हाई व्हायचं ते,’’ आबा म्हणाले.

‘‘न्हाई.’’

‘‘म्हंजे तिकडंच ऱ्हायचं?’’

वीरधवल म्हणाला, आमच्याकडं जागा आहे, वहिनी. बापाकडं न बघता म्हणाला. आज दुपारपासून तो आबांच्या खुर्चीशेजारी होता. आता त्यानं खुर्ची जराशी बाजूला घेतली, इतकाच काय तो फरक.

शिवांजली म्हणाली, माझं बारावीचं वर्ष आहे. मग म्हणाली, माझा डबा मी करेन. दोन्ही वाक्यं तिनं एकाच आवाजात म्हटली.

कुणी नको म्हणालं नाही. हो म्हणालेलंही ऐकू आलं नाही. ह्या घरात परवानगी अशीच मिळायची, सगळ्यांनी गप्प बसून. आणि नकारही असाच मिळायचा, म्हणून नऊ दिवस तिनं विचारलं नव्हतं. वेळापत्रकात त्या प्रश्नाला तास नव्हता.

ती खुर्चीत वळली. आबांकडं नाही, दिवाणाकडं.

‘‘तुमी जागं होता न्हवं?’’

कृष्णातनं हाताच्या तळव्यांकडं बघितलं. आबांना प्रश्न कळला नाही. चंद्राबाईंना कळला, त्यांनी मुलाकडं एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला.

दीपमाला परत पडद्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायला थोडी ताकद शिल्लक लागते. तिनं सांगलीवर टिचकी मारली, मग खालच्या हिरव्या चौकटीवर. अर्ज पोचल्याचा आकडा आला, तो तिनं खुर्चीजवळच्या वर्तमानपत्राच्या काठावर उतरवून घेतला. कुठल्याही खोलीत ठेवायला आता ती तयार नव्हती. चार एकावन्न.

मग ती गहू गोळा करायला गच्चीवर गेली. थोड्या वेळानं कृष्णातही चपला न घालता जिन्याकडं गेला. वर काय बोलणं झालं ते खाली ऐकू आलं नाही. बराच वेळ नुसता गहू सुपात ओढल्याचा आवाज येत होता, आधी एका हाताचा, नंतर दोघांचा.

आबा भिंतीवरच्या कागदापुढं उभे राहिले. काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय त्यांना बसवेना. खिशातलं पेन काढलं, तीन ते चारच्या ओळीवर आणलं. तिथं त्यांच्याच अक्षरात ‘सूनबाई’ असं होतं.

‘‘ती गेली तर हा तास कुणाला लावू?’’ त्यांनी खोलीला विचारलं.

वीरधवल पिशवी आवरत होता. आता सहाची गाडी. शिवांजलीनं खांदे उडवले. तो तास कुणालाच नको होता.

‘‘मला लावा,’’ चंद्राबाई म्हणाल्या.

आबांनी वळून बघितलं. चंद्राबाई हात पुसत होत्या. पुढं काही म्हणाल्या नाहीत, आणि राहू दे असंही म्हणाल्या नाहीत. आबांनी ‘सूनबाई’वर पट्टी न घेता एक रेघ ओढली. शेजारी पेन टेकवून ‘आ’ काढला, आणि थांबले. आई लिहावं तर एक गोंधळ, आजी लिहावं तर दुसरा.

‘‘चंद्राबाई लिवा,’’ त्या म्हणाल्या, आणि वांगी खाली लागली का ते बघायला आत गेल्या.